गाळाच्या रंगाची

चार नंबरची टाकी रिकामी झाली
की तळाशी गाळ उरतो,
वाळत चाललेला, जांभळट तपकिरी.
हुबेहूब त्या रंगाचे ठिपके तिच्या अंगावर.
लुसियाँ सांगायचा, तिच्या मुलखात
या रंगाचं नावच ते: वाइनचा गाळ.
मी लॅबमधली. म्हटलं,
मग ही आमच्याच खात्यातली.

जात ब्राक द्यू बुर्बोने.
दिंडोरीत ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही.
आम्ही फिलू म्हणायचो.
शेपूट जन्मतःच बोटभर.
तिकडे म्हणे लोक हट्टाला पेटले,
शेपूट नकोच, रंग असाच हवा,
निवडत निवडत इतके नेमके झाले
की निवडायला कुत्री उरेनात.
मग कुणीतरी गावोगाव फिरून
उरलीसुरली हुडकली, पुन्हा सुरुवात केली.
हे सगळं तो द्राक्षाचं पान चघळत सांगायचा.
करार संपला, गेला.
फिलूचे कागद झाले नाहीत.

तो गेल्यावर पहिल्यांदा ती तशी उभी राहिली
तेव्हा वाटलं, हिला काही चावलं.
शेनिनच्या अकराव्या ओळीत
पुढचा उजवा पाय उचललेला,
नाक ताणलेलं,
एवढीशी शेपटी तेवढी थरथरतेय.
हाक मारली. नाही.
भाकरी दाखवली. नाही.
शेजारच्या ओळीतून ब्लोअर फवारत गेला,
औषधाचे तुषार पापण्यांवर बसले,
तरी नाही.
दीड तास.

रेवजी गावित, रातपाळीचा राखणदार, पेठेकडचा,
पोरवयात घोड्याच्या शेपटीचे केस वळून
तितरांना फास लावलेला माणूस.
आला, पाहिलं, चपला काढल्या.
तिच्या बाजूनं हळूहळू पुढे गेला
आणि एकच टाळी वाजवली.
दोन तितर तारा ओलांडून भर्रकन गेले.
फिलू जागची हलली नाही.
वर बघत राहिली.
यायचा तो आवाज आला नाही.
मग मान वळवून तिनं रेवजीच्या तोंडाकडे पाहिलं.
"एवढंच गं," तो म्हणाला.
"आता एवढंच."

तेव्हापासून रोज.
ती शोधायची, थांबायची,
तो टाळी वाजवायचा,
पाखरं जायची, दोघं घरी यायची.
काहीच न मारता
माणूस इतका दमलेला, इतका खूश
मी पाहिला नव्हता.

लुसियाँ तिच्यामागे हलकेच म्हणायचा, आरे.
म्हणजे थांब. त्या उभं राहण्याचंही नाव तेच.
आम्ही इतके दिवस
आपलंच 'अरे' समजत होतो.

फेब्रुवारीत एकदा उसाच्या कडेला उभी राहिली.
तोच पाय. तेच नाक.
रेवजीनं हात उचलले
आणि तसेच खाली घेतले.
पट्ट्याला धरून तिला उलट्या पावली मागे आणलं,
उसाकडे पाठ न करता, अवाक्षर न बोलता.
सकाळी बांधाच्या चिखलात पंजे होते,
माझ्या तळहाताएवढे.
कसं कळलं तुला, विचारलं.
म्हणाला, शेपटी गप होती.
तितराला ती आपल्याला विचारते, मॅडम.
काल विचारत नव्हती. सांगत होती.

सोमवारपासून रेवजी नाशिकला, सिव्हिलमध्ये.
मोतीबिंदू.
फिलूला मी फिरवते.
आज नमुने घेऊन परतत होते,
गोडी बावीस भरलेली,
रिफ्रॅक्टोमीटर खिशात,
आणि ती थांबली.
ओळीच्या टोकाला, तोंड उसाकडे.
उजेड जेमतेम.
शेपटीकडे बघते आहे.
थरथरते, की वाऱ्यानं केस हलतायत?
चपला काढल्यात. ढेकळं अजून गरम.
दोन्ही तळहात छातीपुढे,
मध्ये वीतभर हवा.